‘मिजुकु’ : जपानीतला कच्चेपणा कसा, कोठे आणि कोणाबद्दल बोलावा

‘अपरिपक्व’ या अर्थाचा जपानी शब्द शोधायला गेले की कोशात बहुधा पहिला सापडतो तो ‘मिजुकु’. अर्थ बरोबर आहे, आणि नेमकी येथेच मराठी माणसाची फसगत होते. आपण ‘अपरिपक्व’ हे विशेषण बहुतेक वेळा दुसऱ्याला लावतो : अमक्याचे वागणे अपरिपक्व, तमक्या पुढाऱ्याचे विधान अपरिपक्व. जपानी बोलण्यात ‘मिजुकु’ हा प्रामुख्याने स्वतःला लावण्याचा शब्द आहे. तो दुसऱ्याला लावण्याचा अधिकार मोजक्या लोकांना असतो आणि तेही तो जपून वापरतात. हा एक मुद्दा नीट ध्यानात राहिला तर पुढचे बरेचसे आपोआप जागेवर बसते.

आधी उच्चार. या शब्दात मि, जु, कु अशा तीन मात्रा आहेत आणि तिन्ही ऱ्हस्व आहेत. मराठी शुद्धलेखनाच्या सवयीने शेवटचा उकार दीर्घ करून ‘मिजुकू’ लिहिण्याचा मोह होतो, पण जपानीत स्वर लांबला की शब्दच बदलू शकतो, म्हणून येथे तो मुद्दाम ऱ्हस्व ठेवला आहे. यातला ‘जु’ हा ‘जुलै’मधला आहे, ‘जुना’मधला नव्हे, हा भेद आपल्या जिभेवर असतो पण लिपीत दिसत नाही, त्यामुळे देवनागरीत टिपणे काढणाऱ्यांनी तो कानाने पक्का करून घ्यावा. पुढे ‘सा’ आला की ‘कु’मधला उकार जवळजवळ विरून जातो आणि ‘मिजुकुसा’ हे ‘मिजुक्सा’ असे ऐकू येते. या लेखात ‘ओओ’ असे जेथे लिहिले आहे तेथे ओकार दुप्पट लांबवावा.

शब्द दोन चित्रचिन्हांचा आहे. पहिले ‘मि’, म्हणजे ‘अजून नाही’. झाडाचे चिन्ह काढावे, म्हणजे एक उभी रेघ, तिला छेदणारी एक आडवी आणि खाली दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा, आणि त्या आडव्या रेघेच्या वर आणखी एक आखूड आडवी रेघ द्यावी, की ‘मि’ झाले. वरची रेघ खालच्यापेक्षा लांब झाली तर मात्र ते ‘शेवट’ या अर्थाचे ‘मात्सु’ हे वेगळे चिन्ह होते. पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये जेएलपीटी ही जपानी भाषेची पात्रता परीक्षा देणाऱ्यांना हाताने चिन्हे लिहावी लागत नाहीत, कारण परीक्षा बहुपर्यायी असते. त्यामुळे एका रेघेच्या लांबीचा हा फरक हाताला कधी कळतच नाही, आणि डोळ्यांनाही उशिराच कळतो. तो चुकवायचा नसेल तर दोन्ही चिन्हे शेजारी शेजारी वीस-पंचवीस वेळा लिहून काढणे हाच उपाय आहे.

दुसरे चिन्ह ‘जुकु’. हे पंधरा रेघांचे, आणि त्याच्या तळाशी चार टिंबे ओळीने मांडलेली असतात. ती टिंबे म्हणजे अग्नी. उकळणे, करपणे, उष्णता या अर्थांच्या चिन्हांखालीही तीच दिसतात. पिकण्याच्या चिन्हाखाली विस्तव कशासाठी, असा प्रश्न पडेल, पण तो मराठी माणसाला फार काळ पडू नये. संस्कृतातल्या ‘पच्’ धातूला शिजणे आणि पिकणे हे दोन्ही अर्थ आहेत. त्याच धातूपासून आलेला ‘पक्व’ हा शब्द पक्वान्नातही आहे आणि परिपक्व फळातही, आणि आपले ‘पिकणे’ व ‘पक्का’ हे दोन्ही शब्द त्याच ‘पक्व’चे वंशज आहेत. ‘जुकु’चेही तसेच आहे. अर्धवट उकडलेल्या, आत पातळ बलक राहिलेल्या अंड्याला जपानीत ‘हानजुकु’ म्हणतात, म्हणजे अर्धे पिकलेले. झाडावर पूर्ण पिकलेला टोमॅटो ‘कानजुकु’. आणि वयाच्या मानाने लवकर समज आलेले मूल ‘सोओजुकु’. म्हणजे ‘मिजुकु’चा शब्दशः अर्थ ‘अजून न शिजलेले, अजून न पिकलेले’ असा होतो, आणि आपला ‘कच्चा’ हा शब्द नेमक्या याच दोन अर्थांवर उभा आहे. (शिकवणीच्या वर्गालाही जपानीत ‘जुकु’च म्हणतात, पण त्या चिन्हाखाली चार टिंबांऐवजी मातीचे चिन्ह असते. वरचा भाग दोन्हींत सारखाच. विस्तवाच्या जागी माती लिहिली तर ‘अजून शिकवणी न लागलेला’ असा काहीतरी विनोद तयार होतो, आणि तो विद्यार्थी वारंवार करतात.)

यात अर्थाच्या दृष्टीने महत्त्वाचे चिन्ह ‘मि’ आहे. नकार दाखवण्यासाठी जपानीत ‘फु’, ‘मु’ आणि ‘हि’ हीदेखील उपसर्गवजा चिन्हे आहेत, पण ती सरळ ‘नाही’ म्हणतात. ‘मि’ म्हणते ‘अजून नाही’. ‘मिराइ’ म्हणजे भविष्यकाळ, शब्दशः ‘अजून न आलेले’. ‘मितेइ’ म्हणजे अजून न ठरलेले. ‘मिकोन’ म्हणजे अविवाहित. ‘मिसेइनेन’ म्हणजे अजून सज्ञान न झालेला, जो जपानी कायद्याप्रमाणे 1 एप्रिल 2022 पासून अठरा वर्षांखालचा आणि त्याआधी वीस वर्षांखालचा. जुने चिनी ग्रंथ जपानी पद्धतीने वाचताना तर हे एकच चिन्ह दोनदा वाचतात, एकदा ‘अजून’ म्हणून आणि वाक्याच्या शेवटी पुन्हा ‘नाही’ म्हणून. आपल्या ‘अपरिपक्व’मधला ‘अ’ निकाल देऊन मोकळा होतो, तर ‘मिजुकु’ काळाला वाव ठेवतो. आज नाही, पण वाट चालू आहे, असे त्यात गृहीत असते. म्हणूनच तो नम्रतेला इतका सोयीचा पडतो.

‘मादा मिजुकु’ असे जोडून बोलतात, आणि ‘मादा’चाही अर्थ ‘अजून’ असल्याने काटेकोरपणे पाहिले तर ही आपल्या ‘पिवळ्या पितांबरा’सारखी द्विरुक्ती झाली, पण ती इतकी रुळलेली आहे की तीत कोणालाही चूक वाटत नाही.

व्याकरण सोपे आहे. नामाआधी ‘ना’ जोडावा : ‘मिजुकुना गिजुत्सु’ म्हणजे अजून तयार न झालेले तंत्रज्ञान किंवा कसब. वाक्याच्या शेवटी ‘मिजुकु देसु’. भाववाचक नाम ‘मिजुकुसा’, म्हणजे कच्चेपणा. माणसासाठी ‘मिजुकुमोनो’, यातला ‘मोनो’ हा माणूस या अर्थाचा नम्र शब्द आहे, म्हणून तो स्वतःसाठी शोभतो आणि दुसऱ्याला उद्देशून वापरला की हिणवणारा होतो. याखेरीज औपचारिक लिखाणात ‘मिजुकु नागारा’ (कच्चा असूनही) आणि ‘मिजुकुसा युए’ (कच्चेपणामुळे) ही दोन रूपे ओळखता आली म्हणजे पुरे.

आता प्रत्यक्ष वापर. जपानचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच 1 एप्रिलला सुरू होते आणि पदवी घेऊन बाहेर पडलेले बहुतेक नवे कर्मचारी त्याच दिवशी कामावर रुजू होतात. विभागात सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी जे दोन शब्द बोलायचे असतात त्यांत हे वाक्य हमखास येते : ‘मादामादा मिजुकुमोनो देसु गा, गोशिदोओ गोबेनतात्सु नो होदो, योरोशिकु ओनेगाइ इताशिमासु.’ मी अजून कच्चा आहे, तरी मार्गदर्शन आणि ‘बेनतात्सु’ लाभावे, अशी विनंती करतो. ‘बेनतात्सु’ म्हणजे उत्तेजन असे कोश सांगतो. त्यातली चिन्हे मात्र ‘चाबूक’ आणि ‘फटकारणे’ यांची आहेत. छडी लागे छमछम हे येथे नवा कर्मचारी स्वतःहून, वाकून मागून घेतो. या वाक्यात ‘गा’ या छोट्या शब्दावर थोडे थांबावे. ‘मी कच्चा आहे’ एवढेच म्हणून थांबणे जपानीत विचित्र वाटते, कारण ते आपल्या उणिवेची नुसती नोंद होते. ‘गा’ म्हणजे ‘तरी, पण’. त्याच्या पुढे विनंती आली की कबुली पूर्ण होते. ज्याला हे वाक्य वापरायचे आहे त्याने ते अर्धे तोडू नये.

चूक झाल्यावर क्षमा मागताना हा शब्द अधिक सांभाळून वापरावा. आपल्या वरिष्ठांसमोर ‘वाताशि नो मिजुकुसा युए’, माझ्या कच्चेपणामुळे हे झाले, असे म्हणणे योग्य आहे. ग्राहकासमोर ते तितकेसे योग्य नाही. ग्राहकाने पैसे कच्च्या माणसाच्या हाती काम सोपवण्यासाठी दिलेले नसतात, त्यामुळे त्याला ही क्षमायाचना सबबीसारखी ऐकू येण्याचा संभव असतो. अशा जागी ‘चिकाराबुसोकु’, म्हणजे माझी शक्ती अपुरी पडली, हा शब्द अधिक सरळ आहे. त्याच्या शेजारी मात्र एक खड्डा आहे. ‘याकुबुसोकु’ हा कानाला जवळचा वाटणारा शब्द अगदी उलट अर्थाचा आहे : दिलेली भूमिका माझ्या योग्यतेपेक्षा लहान आहे, असा. नवी जबाबदारी स्वीकारताना नम्रपणे ‘याकुबुसोकु देसु गा’ म्हणणारा मनुष्य प्रत्यक्षात ‘हे पद माझ्या लायकीचे नाही, पण ठीक आहे’ असे म्हणत असतो. ही चूक जपानी लोकही करतात, हीच काय ती आपल्याला सांत्वनाची गोष्ट.

कौतुकाला उत्तर देताना ‘मिजुकु’ जड पडतो. तुमचे जपानी फार छान आहे असे कोणी म्हणाले, तर ‘इए, मादामादा देसु’, छे, अजून पुष्कळ बाकी आहे, एवढे पुरते. तेथे ‘मिजुकुमोनो’ काढणे म्हणजे शेजारणीने भाजीची तारीफ केल्यावर तिला वाकून नमस्कार करण्यासारखे होईल.

दुसऱ्याबद्दल केव्हा म्हणता येते? जपानी बोलण्यात आतले आणि बाहेरचे हा भेद पदोपदी पाळला जातो. आपल्या कंपनीतला नवा माणूस बाहेरच्या पाहुण्याला भेटवताना ‘हा अजून मिजुकु आहे, सांभाळून घ्या’ असे त्याचा वरिष्ठ म्हणतो, कारण त्या क्षणी तो नवा माणूस ‘आपल्यातला’ म्हणजे जवळजवळ स्वतःच असतो. पाहुण्यांच्या बाजूच्या माणसाला तोच शब्द लावणे हा उघड उपमर्द आहे. गुरू शिष्याला म्हणू शकतो. केंदोच्या, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या, किंवा चहाविधीच्या शिक्षकाने ‘मादा मिजुकु’ म्हटले तर ते कसबाबद्दलचे निदान असते. अॅनिमे या जपानी व्यंगचित्रपटांमध्ये वयस्क योद्धे ‘मिजुकुमोनो!’ अशी गर्जना करतात, तिच्यावरून मात्र कोणी धडा घेऊ नये. कार्यालयात ती करणाऱ्याला जपानी सहकारी काही बोलणार नाहीत, आणि त्याच्याशी पुढेही फारसे बोलणार नाहीत. ‘मिबोओजिन’ या शब्दाचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. शब्दशः ‘अजून न मेलेली व्यक्ती’. पती गेल्यानंतर मागे राहिलेल्या स्त्रीने मुळात स्वतःबद्दल वापरायचा हा शब्द होता. इतरांनी तो तिच्याबद्दल वापरायला सुरुवात केली आणि तो विधवेचे सर्वसाधारण नाव होऊन बसला, पण आज तो अनेकांना टोचतो. स्वतःबद्दल म्हणायचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी गेले की असे होते.

मराठीत आपण ज्याला पोरकटपणा किंवा बालिशपणा म्हणतो, त्यासाठी ‘मिजुकु’ नव्हेच. ‘मिजुकु’चा रोख कसब, अनुभव आणि विचारांची घडण यांवर असतो. मोठ्या माणसाचे युक्तिवाद किंवा वागणे लहान मुलासारखे असेल तर ‘योओचि’. बालवाडीला ‘योओचिएन’ म्हणतात त्यातला हाच शब्द, आणि टीका म्हणून तो बराच बोचरा आहे. ‘कोदोमोप्पोइ’ म्हणजे पोरकट, आणि ‘कोदोमोराशिइ’ म्हणजे मुलाला शोभेलसा निरागस. दोन्हींत ‘कोदोमो’, म्हणजे मूल, आहे. पण पहिली निंदा आहे आणि दुसरी स्तुती, त्यामुळे पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला कोणता शब्द लावायचा याचा गोंधळ करू नये. चाळीस वर्षांचा गृहस्थ पुतण्याशी पत्त्यांत हरल्यावर रुसून बसला तर त्याला ‘ओतोनागेनाइ’ म्हणतात, मोठ्याला न शोभणारे. त्याला ‘मिजुकु’ म्हणणे चूक ठरेल, कारण तो पिकलेला आहे. फक्त वागला तसा नाही.

रंगांचीही मदत होते. ‘आओइ’ म्हणजे निळा, आणि जुन्या वापरात हिरवाही. अननुभवी माणूस ‘आओइ’ असतो, त्याचे भाबडे आदर्शवादी बोलणे ‘आओकुसाइ’, आणि आगाऊ पोरगा ‘आओनिसाइ’. ‘शिरि गा आओइ’ म्हणजे याचे ढुंगण अजून निळे आहे. तान्ह्या बाळांच्या पाठीखाली असणारा निळसर डाग अजून गेलेला नाही, अशी ही कल्पना. आपण ओठावरचे दूध अजून सुकले नाही असे म्हणतो, ते पुष्कळच सभ्य म्हणायचे. रंगाचे शब्द शब्दशः उलटवू मात्र नयेत : आपल्याकडे ‘हिरवट’ म्हटले की जो माणूस डोळ्यांपुढे येतो त्याचा अननुभवाशी काही संबंध नसतो.

मराठी माणसाची खरी परीक्षा ‘कच्चा’ या शब्दापाशी होते, आणि हे मी पदरमोड करून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीसाठी पत्रव्यवहाराचे भाषांतर करत असताना जपानी बाजूने पाठवलेल्या आराखड्याबद्दल आमच्या अभियंत्याने सांगितले, ‘हा कच्चा आराखडा दिसतोय, पक्का कधी मिळेल ते विचारा.’ मी ‘मिजुकुना सेक्केइ’ असे लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी जे उत्तर आले त्यात प्रत्येक परिच्छेदात क्षमायाचना होती, तीन वरिष्ठांची नावे नव्याने जोडलेली होती आणि सोबत रात्रभर जागून केलेला सुधारित आराखडा होता. अभियंत्याला फक्त तारीख हवी होती. त्याचा ‘कच्चा’ म्हणजे मसुदा, आणि त्यासाठी ‘शितागाकि’ किंवा ‘सोओआन’ हे साधे शब्द आहेत. चर्चेसाठी मुद्दाम पुढे ठेवलेल्या पहिल्या मांडणीला ‘ताताकिदाइ’ म्हणतात, म्हणजे ठोकून आकार देण्याची ऐरण. मी मात्र त्यांना ‘तुमचे कसब अपुरे आहे’ असे लिहून बसलो होतो. तेव्हापासून ‘कच्चा’ दिसला की मी आधी थांबतो. कच्चा माल ‘गेनर्योओ’ असतो. गणितात कच्चा असलेल्या मुलाला गणित ‘निगाते’ असते, म्हणजे ते त्याला जमत नाही. कच्ची भाजी ‘नामा’. कच्च्या रस्त्याला तर सरळ ‘डांबर न घातलेला’ असेच म्हणावे लागते. यांतल्या एकाही ठिकाणी ‘मिजुकु’ चालत नाही.

जेथे शब्दशः पिकण्याचा संबंध आहे तेथे तो बिनधोक चालतो. हिरवी उमे फळे कच्ची खाऊ नयेत, त्यांत विषारी द्रव्य असते, हे सांगताना ‘मिजुकुना उमे’ म्हणतात. बाजारात बोलताना मात्र ‘आओइ’ हा शब्द अधिक सहज येतो. न कुजलेल्या शेणखताला जपानी शेतकरी ‘मिजुकु ताइहि’ म्हणतो आणि पूर्ण कुजलेल्याला ‘कानजुकु ताइहि’. खत कच्चे टाकले तर ते मातीत तापते आणि मुळे खराब होतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ‘मिजुकुजि’ हा शब्द बोलण्यात अजून ऐकू येतो, पण डॉक्टर आता सदतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाला ‘सोओझानजि’ म्हणतात आणि 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी वेगळी संज्ञा वापरतात. अशा बाळांच्या दृष्टिपटलाच्या विकाराच्या नावात मात्र ‘मिजुकुजि’ टिकून आहे. आईवडिलांशी बोलताना परक्या माणसाने तो शब्द टाळावा.

नवखेपणासाठी याहून हलके शब्दही आहेत. ‘शिनमाइ’ म्हणजे नवे तांदूळ, आणि नवा कामगारही. जपानी माणूस नव्या तांदळाची वाट पाहतो, त्यामुळे या शब्दात ओलावा आहे, तिरस्कार नाही. ‘हाननिनमाए’ म्हणजे अर्ध्या माणसाचे ताट, ज्याच्यावर अजून पूर्ण काम सोपवता येत नाही असा. परवाना मिळाल्यावर वर्षभर गाडीला लावायची पिवळी-हिरवी खूण 1972 पासून सक्तीची आहे. कोवळ्या पानासारखी दिसते म्हणून तिला ‘वाकाबा’ म्हणतात, आणि कोणत्याही कामातल्या नवशिक्याला विनोदाने तेच नाव दिले जाते.

आणि खेळातल्या कच्च्या लिंबासाठीही जपानीत शब्द आहे. धाकटे भावंड खेळायचा हट्ट धरते, त्याला घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तोक्योच्या बाजूला त्या मुलाला ‘ओमिसो’ किंवा ‘मिसोक्कासु’, म्हणजे मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा) चोथा, म्हणतात, आणि ओसाकाच्या बाजूला ‘गोमामे’, म्हणजे सुकवलेली बारीक मासळी. त्याला ‘मिजुकु’ कोणी म्हणत नाही.